अँबेसिडरच्या टाकीला कुलूप

माणिक ट्रकमधून उतरला आणि माझ्या शेडसमोर उभा राहिला. हातात गाडीची चावी होती, गाडी नव्हती.

"परत?" मी विचारलं.

"परत, उस्ताद. झरीच्या अलीकडं उभी हाय. शेटजी दुसऱ्याच्या जीपमधी बसून गेले. जाताना म्हनले, आता तुझं काय ते उद्या बघतो."

माणिक कापसाच्या एका व्यापाऱ्याचा ड्रायव्हर. शेटजींची परभणीत जिनिंग होती आणि एक जुनी अँबेसिडर. त्या गाडीच्या दोन तक्रारी होत्या. रस्त्यात बंद पडायची आणि पेट्रोल भयंकर प्यायची. लिटरला नऊ-दहा किलोमीटर द्यायची ती सहावर आली होती. शेटजींनी निकाल परस्पर लावला होता. भर मोंढ्यात, बाजारातल्या सगळ्या व्यापाऱ्यांसमोर म्हणाले होते, "ड्रायव्हर पेट्रोल काढतो आन् मिस्त्री झाकतो."

मिस्त्री म्हणजे मी. जिंतूर रोडला माझं गॅरेज होतं. दुसऱ्याच्या गॅरेजात फरशी पुसत शिकलो आणि स्वतःचे चार पत्रे उभे केले. मला कोणी चोर म्हटलेलं खपत नाही. त्यात ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. आमच्या वस्तीतल्या माणसाकडं बघायची नजर तशीही बदलली होती. शेजारचा टायरवाला रोज दुपारी दोन चहा मागवायचा, एक त्याला, एक मला. तो एकच मागवायला लागला होता. शेटजींच्या त्या वाक्यानंतर गिऱ्हाईकही आटलं. दिवसदिवस मी पाने पुसून परत जागेवर ठेवायचो.

गाडीत मी काही बाकी ठेवलं नव्हतं. पहिल्या वेळी एअर क्लीनर उघडला होता. इंजिनात जाणारी हवा गाळणारा हा डबा. गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहायची, त्यामुळं त्यात कापसाची रुई गच्च बसलेली. हवा कमी मिळाली की इंजिन पेट्रोल जास्त खातं. तो साफ केला. दुसऱ्या वेळी कार्बोरेटर खोलला. पेट्रोल आणि हवा इथं मिसळतात. त्याचे जेट फुंकले, पॉइंट घासले, प्लग बदलले. गावात चक्कर मारली की गाडी लोण्यासारखी चालायची. आणि पेट्रोल मात्र आधीपेक्षाही जास्त जात होतं.

मी शेड बंद केली. एसटीनं आम्ही दोघं झरीकडं गेलो. गाडीनं पहिल्याच सेल्फला स्टार्ट घेतला.

"बघा," माणिक म्हणाला, "सासरी आलेल्या जावयावानी करते. तुमी आलात की गुमान."

"बोलू नको, चालव. जिंतूरकडं घे."

पंधराएक किलोमीटर गेलो आणि गाडीनं आचके दिले. माणिकचा हात आपोआप चोककडं गेला. चोक म्हणजे हवा दाबून इंजिनाला जादा पेट्रोल द्यायची तार. सकाळी थंड इंजिन चालू करायला ओढायची, मग लगेच आत ढकलायची.

"हे काय करायलास?"

"चोक वढला की आनखी थोडी चालते."

"किती दिवस वढायलास?"

"रोजच. न्हाईतर शेटजी वेळेवर कसे पोचतील?"

मी कपाळावर हात मारला. पेट्रोल कुठं जात होतं ते कळलं. पण गाडीला आचके का येत होते, ते कळलं नव्हतं.

थोड्याच वेळात ती थांबली. मी कार्बोरेटरकडं येणारा पाइप काढला. कोरडा. टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप ठीक होता, मीच तपासलेला. म्हणजे पेट्रोल टाकीतूनच निघत नव्हतं. मागं गेलो, तर टाकीच्या झाकणाला पितळी कुलूप.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. पेट्रोल जास्त जायलंय म्हनून शेटजीनं लोहाराकडून झाकण करून घेतलं. किल्ली त्यांच्या जानव्याला."

"आन् बंद कधीपासून पडायली?"

माणिकनं आठवून पाहिलं. "दिवाळीपासूनच की."

कंपनीच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. टाकीतून पेट्रोल जाईल तशी तिथून हवा आत येते. लोहारानं इमानदारीनं काम केलं होतं. जाड पत्रा, खाली रबर, भोक नाही. हवा आत येईना, तर पेट्रोल बाहेर कसं पडणार? गाडी तासभर उभी राहिली की फटीफटीतून हवा शिरायची आणि ती परत चालू व्हायची.

मी हातोडी उचलली. माणिकनं माझा हात धरला.

"पाया पडतो, उस्ताद. कुलूप तुटलेलं दिसलं तर मला चौकीत बसवतील."

खरं होतं. शिवाय पुरावा माझ्याच हातानं मोडला असता. आम्ही बांधावर बसून हवा शिरायची वाट पाहिली. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या. माणिक खाली बघत म्हणाला, "घरी बायको पन इचारायलीय. खरं सांगा म्हनते, काढलं का?"

मी उठून कार्बोरेटरचा पाइप परत बसवला.

दुसऱ्या दिवशी मी शेटजींच्या गादीवर गेलो. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी बसलो.

"शेटजी, सौदा करू. कुलूप लावून, किल्ली तुमच्याकडं ठेवून जिंतूरकडं चला. गाडी बंद पडली आन् फकस्त झाकण उघडून चालू झाली, तर तुमी मोंढ्यात चार मानसांसमोर म्हनायचं, मानिकनं पेट्रोल चोरलं न्हाई."

"आन् न्हाई झाली तर?"

"उद्यापासून मी पाना धरणार न्हाई."

शेटजी हसले. "लय तोरा हाय तुला. चल."

झरी ओलांडली. चोकला हात लावायचा नाही असं मी माणिकला बजावलं होतं. आचके आले, गाडी थांबली. शेटजींनी स्वतः किल्ली काढून झाकण उघडलं. सुस्स करून टाकीनं हवा ओढली. ते दचकून मागं सरले. माणिकनं पंप हातानं दोनदा मारला आणि सेल्फ दिला. गाडी चालू.

मी तिथंच झाकणाला बारीक भोक पाडलं. महिनाभरात ॲव्हरेज नऊच्या पुढं गेला. कुलूप मात्र राहिलं.

मोंढ्यातलं बोलणं? चार दिवसांनी आठवण दिली. "सांगतो की. घाई काय हाय?" पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. तेव्हा ते माझ्यासमोरच एका अडत्याला सांगत होते, झाकणातला दोष आपण कानानं कसा ओळखला ते. माझं डोकं फिरलं. मी नको तेवढं बोललो आणि ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

माणिक त्याआधीच नोकरी सोडून सेलूला गेला होता. मला सांगून गेला नाही.

गाडी बंद पडायला लागली की आधी विचारा, शेवटचं काय बदललं होतं. हे मी पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं. आणि सौद्यात माझी चूक एवढीच झाली. शेटजींनी काय बोलायचं, कुठं आणि कोणासमोर, हे मी ठरवून घेतलं. कधी, ते ठरवायचं राहिलं.