निलगिरीची फांदी आणि माझं खोटं

मित्रांनो, अकोल्याच्या दवाखान्यातून तासाभरापूर्वी अकोटला घरी आलो. जे तिथे बोलता आलं नाही, ते इथे लिहितोय.

बारा वर्षांपूर्वी मी अंगणात, शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून निलगिरी लावली. आमच्याकडच्या उन्हातही ती तगली. कोणाला सर्दी झाली की वाफाऱ्यासाठी पाला न्यायला लोक माझ्याकडे यायचे. मला त्याचा अभिमान होता.

मागच्या महिन्यात शेजारच्या शमीमभाभी म्हणाल्या, "भाऊ, ते मोठी फांदी आमच्या अंगणावर आली. मले भेव वाटते. तोडून टाका ना."

मी म्हणालो, "भाभी, मजबूत झाड हाय. काही होत नाई."

आज दुपारी वारा अजिबात नसताना ती फांदी तुटली. भाभी खाली कपडे वाळत घालत होत्या. फांदी पाठीवर पडली. ॲम्ब्युलन्स मीच बोलावली, सोबतही गेलो. मणका मोडलाय. पुन्हा चालता येईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

बाहेर बाकावर त्यांचे यजमान हनीफभाईंनी मला विचारलं, "तिनं तुमाले फांदीचं सांगतलं होतं का?"

मी म्हणालो, "नाई. मले काही बोलल्या नाईत."

त्यांनी माझा हात धरला. "तुमी होते म्हणून लवकर पोचलो," म्हणाले.

भाभी अजून बेशुद्ध आहेत. त्या बोलू लागण्याआधी मला हनीफभाईंना खरं सांगायचं आहे. उद्या सकाळी त्यांच्यासमोर उभा राहिलो की पहिलं वाक्य काय बोलू? तुम्ही काय बोलला असता?