दाजी, मेर आणि खिशातला कागद

श्री. जयराम राऊळ यांना, म्हणजे आमच्या दाजींना, मी पहिल्यांदा पाहिलं ते भात कापलेल्या कुणग्यात. कुणगा म्हणजे आमच्याकडचा शेताचा तुकडा, चारही बाजूंनी मातीची मेर, म्हणजे बांध, घातलेला. सुगी संपली की आमच्या बांदा गावाच्या आसपासची पोरं अशा कुणग्यात फुटबॉल खेळत. दाजी शेजारच्या वाडीतून मेरेवरून चालत आले. अनवाणी, हाफ पँटीला सुतळी बांधलेली. म्हणाले, "माका खेळाक घेतास?" आम्ही दोघंही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. मी कप्तान होतो, कारण चेंडू माझ्या वडिलांच्या दुकानातला होता. मी त्यांना घेतलं आणि अर्ध्या तासात पस्तावलो. चेंडू माझा, पण तो सारखा त्यांच्याच पायात!

दाजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीने माझ्याकडे लेख मागितला तो या जुन्या ओळखीवर. "दाजींबद्दल चांगलं चांगलं लिहा," असं सांगितलंय. चांगलं भरपूर आहे, ते येईलच. पण मला दाजींबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दल एक वाईट गोष्ट लिहावी लागते. समितीला हे मी अजून सांगितलेलं नाही.

कुणग्यातला नियम असा होता की मेरेला आपटून परत आलेला चेंडू खेळातच. दाजींचा सगळा खेळ त्या मेरेच्या जिवावर. चेंडू मेरेवर हाणायचा, आपण समोरच्या गड्याला वळसा घालायचा आणि आपटून आलेला चेंडू आपणच घेऊन सुटायचं. तीन वाड्यांत त्यांना अडवणारा कोणी नव्हता.

पुढे विशीच्या आत आम्हां दोघांना गोव्यातल्या एका क्लबाने घेतलं. क्लब तिसऱ्या विभागातला, म्हणजे सगळ्यात खालचा. बांद्याहून एस.टी.ने जायचं, खेळायचं, परत यायचं. पहिल्याच सामन्यात दाजींनी कडेला चेंडू हाणला, सवयीने वळसा घातला आणि पांढऱ्या रेघेपाशी उभे राहिले. चेंडू गेला तो लिंबूसोडावाल्याच्या गाडीखाली जाऊन बसला. आणि दाजी आपले उभे! आत्ता परत येईल, मग येईल. तिथे मेर कुठली असायला? अख्खं मैदान हसलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर कुणग्यात मेरेच्या आत वीतभर अंतरावर चुलीतल्या राखेची रेघ ओढलेली. चेंडू रेघेपर्यंत जायला हवा, पण रेघ ओलांडायला नको, एवढंच ते करत बसले होते. राख उडून गेली की आईच्या शिव्या खात पुन्हा आणायची. असं त्यांनी किती महिने केलं याची मोजदाद मी ठेवली नाही, कारण मला ते हास्यास्पद वाटत होतं. "जमणार काय रे तुका?" असं मी विचारलं की एकच उत्तर, "बघया." आजही दाजींना काहीही विचारा, "बघया." या एका शब्दाने त्यांनी माझं डोकं आयुष्यभर उठवलं आहे.

दोन वर्षांत आमचा क्लब दुसऱ्या विभागात गेला, आणि गेला तो दाजींच्या पायांवर. गोल मात्र माझ्या नावावर जास्त होते. आयता चेंडू ते पुढ्यात आणून देत, मी आत ढकलत असे. मला वाटायचं, मीच मोठा खेळाडू.

आता ती गोष्ट. त्या काळी बाजाराच्या आमच्या टोकाला फोन एकच, आमच्या दुकानात. काजूचे दिवस होते. दुपारी फोन वाजला. गोव्यातल्या पहिल्या विभागातल्या एका क्लबाचे प्रशिक्षक बोलत होते. जयराम राऊळ यांना मंगळवारी सकाळी नऊला मैदानावर पाठवा, आम्ही त्यांचा खेळ बघणार आहोत. मी विचारलं, "आणखी कोणी?" ते म्हणाले, "नाही, एकटेच." मी निरोप बिलाच्या कागदामागे लिहिला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि संध्याकाळी दाजींच्या घरी गेलो.

दाजी घरापुढच्या खळ्यात बसून बोंडूंच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, बिया काढत होते. मला पाहिल्यावर त्यांनी चांगले पिवळे बोंडू निवडून पुढे केले. "काय काम होता?" मी म्हटलं, "काय नाय, असोच इलंय." बोंडू खाल्ले, इकडच्या तिकडच्या गजाली केल्या, घरी आलो. मंगळवार आला आणि गेला. कागद माझ्या खिशातच राहिला.

दाजींचं एक वर्ष मी खाल्लं. खेळाडूचं वर्ष म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. ते आणखी एक हंगाम दुसऱ्या विभागात खेळले. पाय मोडला असता, तर सगळंच संपलं असतं. पण पुढल्या वर्षी त्याच क्लबाने माणूस थेट त्यांच्या घरी पाठवला आणि आमचा अनवाणी गडी पहिल्या विभागात उतरला. बांद्याहून दोन टेम्पो भरून लोक गेले होते. पहिल्याच अर्ध्या तासात चेंडू कडेला धावला. आम्ही सगळे श्वास धरून. दाजींनी तो रेघेवर, अगदी रेघेवर गाठला आणि आत उचलून दिला. गोल! मी ओरडलो आणि रडलोही. शेजारच्यांना वाटलं, मित्र असावा तर असा.

त्यानंतर माझ्या वडिलांना गोव्यातल्या इस्पितळात ठेवावं लागलं, तेव्हा दाजी रोज सरावाहून थेट येत. हातात पेजेचा डबा. वडील माझ्या हातून घोटभरही घेत नसत, दाजींच्या हातून मुकाट्याने पेज पीत. मला खिशातला कागद आठवायचा आणि मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

खेळ थांबवून दाजी गावी आले, तेव्हापासून ते आमच्या मुलामुलींना शिकवतात. आधी कुणग्यात, मग राखेची रेघ, मग सपाट मैदान, हा त्यांचा क्रम. मागे शाळेने त्यांचा सत्कार केला. फलकावर 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' असं छापलेलं. दाजी व्यासपीठावर चढेनात. "गोव्यात पयल्या विभागात खेळलंय, तितक्याच लिवा," म्हणाले. शेवटी त्या शब्दावर कागद चिकटवला, तेव्हा कुठे हार घालून घेतला. उशिरा येणं आणि पंचांशी हुज्जत घालणं, हे दोन दोष सोडले तर माणसात खोट नाही.

लेख लिहायला बसलो, पण पुढे सरकेना. गेल्या महिन्यात त्यांच्या खळ्यात जाऊन बसलो. म्हटलं, "दाजी, तुका एक वर्स आधीच फोन इल्लो..."

"म्हायत आसा."

"कधीपासना?"

"क्लबात गेलंय, त्याच दिवशी. कोच इचारूक लागलो, गेल्या वर्सा निरोप धाडलेलो, इलंस कित्याक नाय?"

"मगे तू काय सांगलंस?"

"सांगलंय, काजीचे दिवस होते, येवक जमला नाय."

म्हणजे ती पेज त्यांनी सगळं माहीत असून आणली होती. म्हटलं, "मी ह्या लेखात लिवतलंय."

"लिव. पण मी मेर नसताना बॉलाची वाट बघीत उभो रवलंय, ता पण लिव. नायतर लोक तुका एकट्याकच हसतले, मेल्या."

दोन्ही लिहिलं, दाजी. समितीने यातलं काय ठेवायचं ते ठेवावं.

आता साठीच्या शुभेच्छा. त्या छापील शब्दांत मला जमत नाहीत, म्हणून आपल्या पद्धतीने देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालतो. वाचणाऱ्यांनी शेवटी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यावी. बा देवा रवळनाथा म्हाराजा, आमच्या दाजीक उदंड आयुष्य दी, तेचे गुडघे शाबूत ठेव, तेच्या कुणग्यात पोरांचो कल्लो असोच ऱ्हवान दी. आणि तेच्या नावान जो काय निरोप माझ्याकडे येयत, तो माझ्या हातान त्याच दिवशी तेका पोचान दी, रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!