दानिएलकाकांची पेज

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो दानिएलकाकांचा. आज दुबईशेजारच्या अल मजाजमधल्या घरी ताप आलेल्या मुलासाठी पेज शिजवली आणि तिच्या वाफेने मला वीस वर्षं मागे, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या स्टाफच्या खोलीत नेलं.

घरातला पहिला पदवीधर मी, नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात तापाने पडलो होतो. गावी परत जायचं मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात आमच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारे काका डबा घेऊन आले.

"डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू?"

"नको. मला बाटवायला पाद्रीने पाठवलंय का?"

"आमच्या पेन्टेकॉस्टल मंडळीत पाद्रीची वाट कोण बघतो? आत्म्याने सांगितलं की फोर्कलिफ्टवालाही निघतो," ते हसले. "बरं, बाहेर जाऊन करतो. पेज निवायच्या आत खा."

दारापलीकडून मला न कळणाऱ्या भाषेत त्यांचा आवाज येत राहिला. पेज खाल्ली तर बाटायला होकार समजतील, अशी तेव्हा भीती वाटली, तरी खाल्ली. पाच दिवस पेज आली, प्रार्थनेचा प्रश्न मात्र पुन्हा आला नाही. मी इथेच राहिलो.

काका आता त्यांच्या गावी अंथरुणाला खिळलेत. त्यांना आज पत्र टाकलं: "काका, पुढच्या महिन्यात येतोय. पेज मी करेन. प्रार्थना तुम्ही करा, आणि या वेळी बाहेर जाऊ नका."