बोल्ट कुणाकडं राहील

पोरीला रायफल घ्यायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. परभणीच्या कॉलेजात ती नेमबाजीला लागली आणि क्लबाच्या जुन्या रायफलीवर, तीही पाळीपाळीनं वापरून, राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेली. आता मोठी निवड चाचणी तोंडावर आली होती. स्वतःची रायफल नसेल तर पुढचं विसरा, असं तिच्या सरांनी तोंडावर सांगितलं. लायसन तिच्याच नावानं आलं. घरात पेढे वाटले, मला मात्र एकही गोड लागला नाही.

आमचं शेत ताडकळसजवळ. शेजारी चुलतभावाचं. तो दर साली नांगरताना आमचा बांध कोरतो. कोरतोच, उगीच कुणाच्या नावानं खडे फोडणारा माणूस मी नव्हे. गेल्या पेरणीच्या वेळी शब्दानं शब्द वाढला आणि तो काठी घेऊन थेट आमच्या दारात आला. असा माणूस उंबऱ्यावर, आणि घरात बंदूक! भांडणात कुणाचा हात कुठं जाईल, सांगता येतं का? हेच डोक्यात घेऊन मी पोरीबरोबर हैदराबादला गेलो.

दुकानदारानं दोन रायफली काढल्या. दोन्ही बावीस बोअरच्या. दांडी मागं ओढायची, एक बारकं काडतूस घालायचं, दांडी पुढं लोटून बसवायची. ह्या दांडीच्या आख्ख्या तुकड्यालाच बोल्ट म्हणतात. पोर सरळ दुकानातल्या सतरंजीवर पालथी पडली, दस्त्याला गाल लावला आणि एकदा ही, एकदा ती, असं चालू झालं. बैल घेताना मी दात बघतो, चाल बघतो. इथं काय बघावं तेच कळेना. म्हणून लाकडावर बोटानं टकटक करून बघितलं. दुकानदार हसू दाबत राहिला.

"पप्पा, हिचा बोल्ट कसा लोण्यावानी सरकायलाय बघा," ती म्हणाली. "खटका पण लय हलका हाय."

"हलका म्हंजे?"

"बोट टेकवलं की सुटतो."

मी लाकडावरचा हात मागं घेतला. "मग ती नकोच. दुसरी घे, जड खटक्याची."

"जोर लावला की नेम हलतो, पप्पा."

"हलू दे! घर हलण्यापरीस बरं!" मी ओरडलोच. पोर उठून बसली आणि खाली बघत राहिली. मला माझीच लाज वाटली, पण भीती काही जाईना.

दुकानदार जुना, मुरलेला. त्यानं एक कळ दाबली, बोल्ट मागं ओढून अख्खा बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "डरो नक्को साब. ये निकाल लिये तो बंदूक नै, लकडी है."

माझा जीव भांड्यात पडला. एवढं सोपं होतं तर! मी बोल्ट मुठीत धरून म्हणालो, "मग झालं. हलकीच घेऊ. हा माझ्या लोखंडी पेटीत राहील. तुझा काका काय, त्याचा बाप आला तरी सापडायचा न्हाई."

पोरीनं हात पुढं केला. "न्हाई पप्पा. लायसन माझं, बोल्ट माझ्यापशीच राहील."

"का? माझ्यावर भरोसा न्हाई?"

तिनं हात तसाच पुढं ठेवला. मग हळूच म्हणाली, "काका काठी घेऊन आला, तवा तुमी आतून काय आणलं होतं?"

कुऱ्हाड. तिचा दांडा तेव्हा पोरीनंच दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. हिची आई मागून ओरडत होती, माझं नाव घेऊन, त्याचं नाही.

"निघताना आईनं एकच सांगितलंय," पोर म्हणाली. "कोणची पण घे, पर बोल्ट पप्पांजवळ दिऊ नको."

मी मूठ उघडली.

परतीच्या गाडीत रायफलीची पेटी माझ्या मांडीवर होती, बोल्ट तिच्या पर्समध्ये. नांदेड गेल्यावर मी पाणी मागितलं. तिनं आधी पर्स उचलून पलीकडं, खिडकीच्या बाजूला ठेवली, आणि मग मला बाटली दिली.