शेवयांच्या पाटाचं कार्ड

अमरावतीच्या एका लहानशा संग्रहालयात तिसरी-चौथीच्या मुलांसाठी कार्डं तयार करायचं काम मी घेतलं, तेव्हा अकोल्यातली शिक्षिकेची नोकरी संपून थोडेच महिने झाले होते. एका वस्तूचं एक कार्ड. वर चित्र, खाली दोन-तीन सोपे प्रश्न. भाड्याच्या खोलीत बसून मी ते लिहायची आणि मुलांना कळेल का, म्हणून मोठ्याने वाचून बघायची. ऐकायला कोणी नसे. कधी कधी दिवसभरात माझा आवाज तेवढाच व्हायचा.

सगळ्यात जास्त वेळ गेला शेवयांच्या पाटावर. लांबट लाकडी पाट, त्यावर बारीक खाचा. तो खाटेवर तिरपा टेकवायचा. एकीने वर बसून भिजवलेल्या रव्याचा गोळा खाचांवरून चोळायचा, दुसरीने खाली बसून लोंबत येणाऱ्या शेवया हातावर घ्यायच्या. शेवटचा प्रश्न मी लिहिला, ‘घरी गेल्यावर आजीला विचारा, असा पाट तुमच्याकडे होता का?’ तो मला फार आवडला होता. पोरं विचारतील, आज्या बोलत्या होतील, असं वाटलं.

छपाईआधी कार्डं मुलांच्या हातात देऊन बघायची होती. भातकुलीकडच्या एका शाळेचा वर्ग आला. मुलं फरशीवर बसून लिहायला लागली. एक मुलगी मात्र पेन्सिल धरून नुसतीच बसली होती. मी तिच्याजवळ गेले.

“काय झालं गं?”

“मॅडम, इथं आजीले विचारा असं लिवलं हाये. मले आजी नाही.”

“मग आईला विचार घरी गेल्यावर.”

“मी होस्टेलात राह्यतो. घरी दिवाळीतच जातो.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “तवरक हे कार्ड माह्यापाशी राहीन काय?”

कार्डं तर मी लगेच परत घेणार होते. तिनेच जरा विचार केला.

“तुमालेच विचारू काय?”

“विचार.”

तिने कार्ड समोर धरून जसंच्या तसं वाचलं, “असा पाट तुमच्याकडे होता का?”

होता, मी म्हटलं. उन्हाळ्यात अंगणात शेवया व्हायच्या. आई वर बसायची, मी खाली. शेवई तुटली की आई म्हणायची, “हात हालवू नको वं.” आईचं लक्ष नसलं की ओल्याच शेवया मी तोंडात टाकायची. बोलता बोलता आजूबाजूची दोन-तीन मुलंही सरकून जवळ आली. कितीतरी दिवसांत मी एवढं सलग बोलले नव्हते. मुलीने मात्र एकच ओळ लिहिली, ‘मॅडमकडे होता, मॅडम खाली बसत.’

ती मुलं गेल्यावर मी प्रश्न बदलला. ‘ओळखीच्या कोणत्याही मोठ्या माणसाला विचारा.’ तसाच तो पुढे छापला गेला.

संध्याकाळी अकोल्याला भावाला फोन लावला.

“आपला शेवयांचा पाट कुठं असन रे?”

“काय माईत. कोणी नेला असन. काहून?”

“असंच.”

“बरं. जेवली काय तू?”

“हो,” मी म्हटलं. जेवले नव्हते.