मुलाखतीचे पोहे

मुलांनो, तुमच्या या आजीने एकदा एका मुलीचं लग्न चुकून ठरवून टाकलं होतं. मुलीला विचारलं नव्हतं, मुलाला विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कोणी विचारलं नव्हतं.

शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर आम्ही दिग्रसलाच राहिलो. कापसाची ती वाईट वर्षं. बोंडांत अळी, बाजारात भाव नाही, सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या फाटकांना कुलपं. बारावीतल्या मुलींच्या घरी एकच विचार: निकाल लागला की लग्न उरकून टाका, पुढच्या साली काय असेल कोण जाणे! म्हणून मी दर रविवारी अंगणात 'बारावीनंतर पुढे काय' असा वर्ग सुरू केला. अर्ज कसा भरायचा, बँकेत खातं कसं उघडायचं, वसतिगृहात आजारी पडलं तर कोणाला सांगायचं, सगळं शिस्तीत. (तुमचे आजोबा याला 'लष्करभरती' म्हणत.)

वर्गातली सर्वांत हुशार मुलगी वंदना. तिचे वडील पुंडलिकभाऊ बंद पडलेल्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. तिला यवतमाळच्या नर्सिंगच्या शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, सोमवारी सकाळचं. जागा मिळाली तर शिक्षण, नाहीतर उन्हाळ्यात लग्न, असं वडिलांनी सरळ सांगून ठेवलेलं. आणि पोरीची अडचण अशी, की अनोळखी माणूस समोर बसला की तिच्या तोंडून शब्दच फुटत नसे.

मी ठरवलं, आदल्या दिवशी तालीम घ्यायची. अगदी खऱ्यासारखी! आजोबांच्या मित्राचा मुलगा मिलिंद नागपूरहून आमच्याकडे आला होता. चांगल्या हुद्द्यावर, बोलायला सफाईदार, आणि वंदनाला पूर्ण अनोळखी. परीक्षक म्हणून याहून चांगला माणूस कुठे मिळणार? मी स्वतः वंदनाच्या घरी गेले. दारात तिची आई शेवंताबाई भेटली.

"उद्या चार वाजता पाठवा तिला. साडी नेसून, केस नीट बांधून."

"साडी? अवं बाई, कोणी येऊन राह्यलं काय?"

"हो, नागपूरचे एक जण आहेत. मोठ्या नोकरीत आहेत. ते विचारतील, हिने उत्तरं द्यायची. घाबरायचं नाही म्हणावं."

शेवंताबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "पाहा बरं, पोट्टी काई सांगतच नाई! अन् बाई, खायाचं काय करू?"

"तुम्ही काही करू नका. पोहे मी करते."

(या वाक्याने मी अजूनही झोपेतून दचकून उठते.)

तालमीचं वंदनाने घरी सांगितलंच असेल, असं मी धरून चालले होते. बाई स्वतः येऊन गेल्या म्हणजे त्यांनीच सगळं सांगितलं असेल, असं वंदना धरून चालली होती. अशा आम्ही दोघी हुशार!

रविवारी वंदना आली. मागून पुंडलिकभाऊ, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांच्या मागे शेवंताबाई, आणि पिशवी सांभाळत वंदनाची आत्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पालक स्वतःहून आले! शाळेत असताना मी सभेला बोलावून बोलावून थकायची, तेव्हा कधी कोणी फिरकलं नव्हतं.

सगळे ओळीने बसले. मिलिंदने नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग मी शिकवल्याप्रमाणे त्याने अवघड प्रश्न टाकला, "म्हातारं माणूस सारखं चिडचिड करत असेल तर काय कराल?"

वंदना हळूच म्हणाली, "शांतपणे ऐकून घेईन. वेळेवर औषध देईन."

आत्याने मान डोलावली. "लई गुणाची हाय! सासूची सोय झाली."

मला वाटलं, आत्याला सासूचा त्रास असेल.

मग पुंडलिकभाऊंनी घसा साफ केला. "पाहुणे आपल्यातलेच न, बाई?"

"अहो, अगदी आपले! घरचेच समजा."

"नोकरी पक्की हाय?"

परीक्षकाची पात्रता तपासणारा पालक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. "पक्की! आणि सुपारीचंसुद्धा व्यसन नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"अन् देण्याघेण्याचं कसं?"

मी तर दुखावलेच. "पुंडलिकभाऊ! मी या कामाचा एक पैसा घेत नाही. उलट वंदनाच्या कपड्यांचं, पुस्तकांचं मीच पाहीन."

शेवंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आत्या उठली, तिने मिलिंदला उभं केलं, वंदनाला त्याच्या शेजारी उभं केलं आणि दोघांची उंची न्याहाळली. नर्सिंगलाही उंची पाहत असतील, असा मी विचार करते आहे तोवर आत्याच्या पिशवीतून नारळ निघाला, कुंकवाची डबी निघाली, आणि मिलिंदच्या कपाळावर टिळा लागून त्यावर तांदूळसुद्धा चिकटले! नारळ त्याच्या ओंजळीत. मिलिंद माझ्याकडे पाहतोय, मी आजोबांकडे, आणि आजोबा पोह्यांच्या बशीत.

"वंदने," पुंडलिकभाऊ उठून म्हणाले, "आता उद्या यवतमाळले कायले जायचं? पोरगं घरबसल्या भेटलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वंदनाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मीच तिची उद्याची गाडी चुकवली होती, आणि वर पोहेही खायला घातले होते.

ती उठली. आवाज कापत होता, पण निघाला.

"बाबा, हे पाहणं नाई. उद्याच्या मुलाखतीची तालीम हाय. ह्या दादाले मी आजच पाहून राह्यली, अन् मले हे नाई पायजेत. मले उद्याची गाडी पायजे."

मिलिंदने तांदळांसकट जोरजोरात मान हलवली. ("मलाही नको" असं म्हणायची सभ्य रीत त्याला एवढीच सुचली!)

पुंडलिकभाऊ खुर्चीत बसले. "बाई, मी गल्लीत पेढे वाटून आलतो," ते इतकंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी येते," मी म्हणाले. "घरोघर जाऊन सांगते, चूक माझी आहे."

"नका येऊ, बाई!" ते दचकून उभे राहिले. "तुमी समजावाले आल्या, त अजून कोणाचं तरी जमवून जाल!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते स्वतः वंदनाला यवतमाळला घेऊन गेले. शिक्षणाचं महत्त्व पटलं म्हणून नव्हे. गल्ली अभिनंदन करायला उठायच्या आत घरातून निघायचं होतं म्हणून. वंदना मुलाखतीत घडाघडा बोलली. आदल्या दिवशी जे झालं, त्यानंतर तिला कोणाची भीती वाटणार? तिला जागा मिळाली, आणि ती नर्स झाली.

पुंडलिकभाऊ मात्र कितीतरी महिने मला पाहिलं की सायकल दुसऱ्या गल्लीत वळवत. मीही वळवली असती, पण मला सायकल येत नाही.

पुढच्या रविवारी अंगणात कधी नव्हती एवढी गर्दी! आयाच आया. पण कोणाच्या हातात गुणपत्रिका नव्हती. सगळ्यांकडे मुलींचे फोटो. एक म्हणाली, "बाई, आमच्या पोरीचीबी तालीम घ्या. पण पोरगा अंमळ उंच आना."

मी सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं आणि समजावलं, अगदी शिस्तीत. किती समजलं, ते मला गुजरीत भाजी घेताना कळलं. मागे दोन बाया कुजबुजत होत्या.

"ह्या पाय त्या इंग्रजीच्या बाई. आता सोयरिकी जमवतात."

"हो काय? मंग कशा हाय?"

"मन लई चांगलं हाय, पोहेबी चांगले करतात. पण बिचारीची अजून एक जमली नाई!"