रंगाला भिणारा चित्रकार

हिल्डा ऑर्मरॉडला जन्मात दोनच गोष्टींची भीती: एक कुत्र्यांची, दुसरी आपली लबाडी कुणीतरी पकडेल याची. इंग्लंडातल्या हेदरब्रिज गावच्या खाटकाची ही पोर शिष्यवृत्तीवर लंडनला गेली, तिथल्या बड्या लोकांसारखं नाकातून बोलायला शिकली आणि पेपरात चित्रांवर लिहायला लागली. लिहायची तरी कशी! चित्रकार सकाळचा पेपर उघडायला घाबरायचे. पुढे गावातल्याच गॅलरीची प्रमुख होऊन ती परतली, तेव्हा दारावरच्या वॉल्टरनं विचारलं, "काय बाई, बापाच्या दुकानातले सॉसेज आणलेत का?"

तिचं नाव झालं ते १९६२ सालच्या एका लेखानं. लीड्सला क्लिफर्ड इन्स्किप नावाच्या गिरणी कामगाराचं पहिलंच प्रदर्शन होतं. "हा चित्रकार रंगालाच भितो," तिनं लिहिलं, "सगळी राखच राख." वाक्य जो तो बोलू लागला, प्रदर्शनाकडे मात्र कुणी फिरकलं नाही.

खरं काय ते एकट्या हिल्डाला ठाऊक होतं. त्या दिवशी तिची लीड्सची गाडी चुकली, लेख तर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मग पोस्टानं आलेला प्रदर्शनाचा कॅटलॉग समोर ठेवून बाईंनी लेख खरडला. स्वस्तातले कॅटलॉग काळेपांढरे छापतात, हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं हो! पण गिरणीतला माणूस, त्याचं गाव धुरकट, मग चित्रं करडीच असणार, असं तिनं ठरवून टाकलं.

सत्तावीस वर्षांनी गॅलरीच्या समितीनं त्या भागातल्या चित्रकारांचं प्रदर्शन ठरवलं आणि यादीत इन्स्किपचं नाव आलं. हिल्डानं नाना फाटे फोडले, कुणी ऐकलं नाही. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी त्याच्या बहिणीच्या माळ्यावरून चित्रांची खोकी आली. वॉल्टरनं पहिलं झाकण उचकटलं.

"आयला! बाई, डोळे दिपले की!"

लाल, नारिंगी, अंड्याच्या बलकासारखा पिवळा. हिल्डा तिथल्याच स्टुलावर मटकन बसली.

"राख म्हणे! कुणी लिहिलं होतं हो ते?" असं म्हणून वॉल्टरनं जीभ चावली. चित्रांशेजारी त्यांची जुनी परीक्षणं काचेच्या पेटीत मांडायची पद्धत होती, आणि हिल्डाचं कात्रण त्यानंच सकाळी मांडलं होतं. तो चहा आणायच्या निमित्तानं सटकला.

उद्या लोक आधी चित्रं बघतील, मग दोन पावलं चालून कात्रण वाचतील. झालं! आयुष्यभराची कमाई त्या दोन पावलांत मातीमोल. हिल्डानं पेटीला किल्ली लावली. कात्रण पर्समध्ये कोंबते न कोंबते, तोच मागून आवाज आला.

"मिस ऑर्मरॉड? मी इन्स्किप."

साठीचा, खांदे पडलेला माणूस, टोपी हातात. कळलं वाटतं याला!

त्यानं पाकिटातून घडीवर विरलेला कागद काढला. तेच कात्रण.

"रागावून नाही आलो," तो म्हणाला. "हे वाचलं आणि डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, काही झालेलं नाही. पण तुम्ही लंडनच्या, तुम्हाला त्याच्याहून जास्त कळणार. म्हटलं, आपल्यालाच रंग चुकीचे दिसतात. ब्रश ठेवून दिला. माझे मोजेसुद्धा बहीणच निवडते." त्यानं चित्राकडे बोट केलं. "हा मला अजून लालच दिसतो. खरं सांगा, कुठला रंग आहे?"

त्या दिवशी तिथं उजेड कमी होता, ही थाप हिल्डाच्या ओठांवर आली होती. वॉल्टर चहाचे कप घेऊन दारात थबकला होता.

"लाल आहे," ती म्हणाली. "मी प्रदर्शनाला आलेच नव्हते. तुमची चित्रं मी पाहिली नव्हती."

इन्स्किप चित्राच्या अगदी जवळ गेला.

"म्हणजे मला दिसत होतं," तो पुटपुटला. मग ओरडलाच, "अहो, मला नीट दिसत होतं!" आणि टोपीत तोंड लपवून हुंदके देऊ लागला.

हिल्डानं पर्समधलं कात्रण परत पेटीत ठेवलं आणि खाली चिठ्ठीवर लिहिलं: 'लेखिकेनं ही चित्रं पाहिली नव्हती.' अक्षर वेडंवाकडं आलं.

"बाई, उद्या पेपरवाले येणार आहेत," वॉल्टर हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. तिनं पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली त्याच्यापुढे धरली. "किल्ली तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."